हौशी आलेख: मांडावा कसा, तपासावा कसा

लासलगाव बाजार समितीतील कांद्याच्या दरांचा दोन वर्षांचा रेषालेख कोणी एक जण कष्टाने तयार करतो, त्याला ‘कांद्याचे भाव’ असे शीर्षक देतो आणि ओळखीच्या-अनोळखी लोकांपुढे ऑनलाइन ठेवतो. थोड्याच वेळात प्रतिसाद येऊ लागतात. काही जण ‘सुंदर’, ‘उपयुक्त माहिती’ असे लिहून पुढे जातात, काही जण निळ्याऐवजी केशरी रेषा अधिक शोभली असती असे सुचवतात आणि एखादा ‘हे आकडेच खोटे आहेत’ असे म्हणून वादाला तोंड फोडतो. आलेख करणाऱ्याच्या हाती यातून काहीच लागत नाही. हा दर कमीत कमी, जास्तीत जास्त की सर्वसाधारण, तो लाल कांद्याचा की उन्हाळ कांद्याचा, लिलाव बंद असलेल्या दिवशी रेषेचे काय केले, हे प्रश्न विचारले गेले असते तर आलेख खरोखर सुधारला असता. ते कोणी विचारले नाहीत, कारण आलेखासोबत तसे विचारण्याची सोयच ठेवलेली नव्हती.

आकडेवारीची आवड असलेले विद्यार्थी, शिक्षक, शेतकरी, नोकरदार असे अनेक जण आता मराठीत आलेख करू लागले आहेत, आणि हे फार मोलाचे काम आहे असे मला मनापासून वाटते. त्यांच्यासाठी आणि त्यांच्या आलेखांवर मत देणाऱ्यांसाठी हे लिहीत आहे. प्रत्येक आलेख हे एक विधान असते. मांडणाऱ्याने ते इतरांना पडताळता येईल अशा रीतीने मांडावे, आणि तपासणाऱ्याने आकड्यांपासून सुरुवात करून शेवटी रंगांकडे यावे. आज बहुतेक ठिकाणी तपासणी उलट्या दिशेने होते, म्हणजे रंगांपासून सुरू होते आणि आकड्यांपर्यंत पोहोचतच नाही.

आधी विधान लिहून काढावे

आलेख लोकांपुढे ठेवण्याआधी तो काय सांगतो हे एका पूर्ण वाक्यात कागदावर लिहावे. ‘कांद्याचे भाव’ हा विषय झाला, विधान झाले नाही. ‘८ डिसेंबर २०२३ रोजी निर्यातबंदी लागू झाल्यानंतर लासलगावातील कांद्याचा सर्वसाधारण दर उतरला’ हे विधान आहे, कारण ते खरे की खोटे हे आकड्यांवरून ठरवता येते. असे वाक्य लिहिता येत नसेल, तर आलेख अजून तयार झालेला नाही असे समजावे आणि आकड्यांकडे परत जावे. वाक्य लिहिता आले, तर तेच शीर्षक म्हणून वापरावे आणि त्याखाली लहान अक्षरांत बाजार, काळ व एकक द्यावे.

मात्र या वाक्यात आकड्यांनी सांगितले तेवढेच असावे. ‘निर्यातबंदीनंतर दर उतरला’ आणि ‘निर्यातबंदीमुळे दर उतरला’ या दोन वाक्यांत एकाच शब्दाचा फरक असला, तरी दुसऱ्या वाक्यासाठी कितीतरी अधिक पुरावा लागतो. डिसेंबर-जानेवारीत खरिपाच्या लाल कांद्याची आवक दरवर्षीच वाढते आणि त्यामुळेही दर खाली येऊ शकतो. बंदीचा परिणाम वेगळा काढायचा, तर निदान मागच्या काही वर्षांतील याच आठवड्यांचे दर शेजारी ठेवावे लागतात. त्यामुळे एका वर्षाच्या रेषेवर उभी खूण करून ‘बंदीचा परिणाम’ असे लिहिणे घाईचे ठरते. याच आलेखावर ४ मे २०२४ या तारखेला ‘निर्यात खुली’ अशी दुसरी खूण करण्याचा मोह होतो. त्या दिवशी बंदी उठली हे खरे आहे, परंतु टनाला ५५० डॉलर किमान निर्यात मूल्य आणि ४० टक्के निर्यात शुल्क लागू होते. दोनच शब्दांची टीप वाचकाला हे सांगत नाही, उलट व्यापार पूर्ववत झाला असा समज करून देते.

आकड्यांची जन्मकुंडली

या भागावर मी सर्वाधिक वेळ घालवतो आणि इतरांनीही घालवावा असा माझा आग्रह आहे. महाराष्ट्र राज्य कृषी पणन मंडळ बाजार समित्यांचे दैनंदिन दर प्रसिद्ध करते, तेव्हा प्रत्येक नोंदीत शेतमालाची जात किंवा प्रत, परिमाण, आवक, कमीत कमी दर, जास्तीत जास्त दर आणि सर्वसाधारण दर असे रकाने असतात. केंद्र सरकारच्या अ‍ॅगमार्कनेट या संकेतस्थळावरही किमान, कमाल आणि सर्वसाधारण असे तीन दर मिळतात. एकाच दिवशी एकाच आवारात कमीत कमी आणि जास्तीत जास्त दरांत मोठी तफावत असू शकते, कारण ओला, बारीक, मार लागलेला माल आणि निवडक मोठा माल हे दोन्ही त्याच लिलावात विकले जातात. कोणता रकाना घेतला हे लिहिले नाही, तर एक जण कमाल दराचा आलेख करून शेतकरी सुखात असल्याचे दाखवील आणि दुसरा किमान दराचा आलेख करून तो बुडाल्याचे दाखवील. दोघांचेही आकडे खरे असतील.

दुसरी गोष्ट जातीची. नाशिक जिल्ह्यात खरिपाचा लाल कांदा, त्यामागून येणारा रांगडा आणि रब्बीचा उन्हाळ कांदा असे हंगाम एकापाठोपाठ येतात. यांपैकी उन्हाळ कांदा चाळीत साठवून अनेक महिने टिकवता येतो, लाल कांदा फार काळ टिकत नाही. वर्षभराची एकच सलग रेषा काढली, तर ती मध्येच एका मालावरून दुसऱ्या मालावर उडी घेते आणि वाचकाला मात्र एकाच वस्तूचा दर चढला-उतरला असे वाटते. ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास चाळीतला जुना उन्हाळ आणि शेतातून आलेला नवा लाल हे दोन्ही एकाच वेळी बाजारात असतात, तेव्हा त्यांच्या दोन वेगळ्या रेषा थोडा काळ शेजारून चाललेल्या दाखवणे हाच प्रामाणिक मार्ग आहे.

तिसरी गोष्ट रिकाम्या दिवसांची, आणि तिचा धडा मी स्वतः घेतला आहे. माझ्या सुरुवातीच्या एका आलेखात सुट्टीच्या दिवसांच्या रिकाम्या चौकटी संगणकाने शून्य म्हणून वाचल्या आणि दर आठवड्याला रेषा तळाला टेकून पुन्हा वर गेली. मी त्यातून ‘साप्ताहिक चढउतार’ असा निष्कर्षही काढला होता. नाशिककडच्या एका वाचकाने अत्यंत सौम्य शब्दांत कळवले की त्या दिवशी लिलावच नसतात, आणि अमावास्येला लिलाव बंद ठेवण्याची प्रथाही तिकडे अनेक वर्षे होती. त्या एका प्रतिसादाने मला जे शिकवले ते कोणत्याही पाठ्यपुस्तकाने शिकवले नव्हते. नोंद नसणे आणि शून्य असणे या वेगळ्या गोष्टी आहेत. नोंद नसलेल्या दिवशी रेषा तुटलेली दाखवावी, किंवा जोडली असेल तर तसे स्पष्ट लिहावे.

चौथी गोष्ट सरासरीची. महिन्याची सरासरी काढताना रोजचे दर मिळवून दिवसांनी भागणे सोपे असते, पण त्यात थोडा माल आलेला दिवस आणि आवार भरून वाहिलेला दिवस यांना सारखेच वजन मिळते. समजा, एका दिवशी १,००० क्विंटल कांदा २,००० रुपयांनी गेला आणि दुसऱ्या दिवशी १९,००० क्विंटल कांदा १,२०० रुपयांनी गेला. साधी सरासरी १,६०० रुपये येते. आवकेचे वजन देऊन काढलेली सरासरी १,२४० रुपये येते. शेतकऱ्यांच्या हाती सरासरी काय पडले असे विचारायचे असेल, तर दुसरा आकडाच त्याच्या जवळ जाणारा आहे. दोन्ही आकडे योग्य जागी उपयोगी पडतात, फक्त कोणता वापरला हे सांगितले पाहिजे. शिवाय हा काळ बराच मोठा असेल, तर रुपयाची घटलेली खरेदीशक्ती विचारात घेतली आहे का, हेही नमूद करावे.

एकंदरीत, आलेखाखाली निदान इतके असावे: आकडे कोणी प्रसिद्ध केले, आपण ते कोणत्या तारखेला उतरवून घेतले, कोणता रकाना घेतला, कोणते एकक आहे, काय वगळले आणि काय स्वतः मोजून काढले. उतरवून घेतल्याची तारीख अनेकांना निरर्थक वाटते, पण शासकीय आकडे मागाहून दुरुस्त होत असतात. २०११ च्या जनगणनेचेच पाहा. महाराष्ट्रातील ० ते ६ वयोगटातील मुलींचे प्रमाण आधीच्या तात्पुरत्या आकड्यांत दर हजार मुलांमागे ८८३ होते, ते अंतिम आकड्यांत ८९४ झाले. आजही दोन्ही आकडे जागोजाग आढळतात आणि दोघा मित्रांचे आलेख त्यामुळे एकमेकांशी जुळत नाहीत.

आकार निवडताना

विल्यम क्लीव्हलँड आणि रॉबर्ट मॅकगिल या संख्याशास्त्रज्ञांनी १९८४ मध्ये माणसाचा डोळा आलेखातील परिमाणे किती अचूक वाचतो याचे प्रयोग प्रसिद्ध केले. एकाच मोजपट्टीवरील बिंदूंची जागा आपण सर्वांत अचूक ताडतो, लांबी त्याखालोखाल, आणि कोन व क्षेत्रफळ ताडताना मात्र बऱ्याच चुका करतो, असे त्यांच्या कामातून दिसले. हौशी आलेख करणाऱ्याला एवढे सूत्र बहुतेक वेळा पुरते. सात-आठ तुकड्यांच्या वृत्तालेखाऐवजी (पाय चार्टऐवजी) आडवे स्तंभ काढावेत, त्यांना वर्णानुक्रमाऐवजी आकड्याच्या क्रमाने लावावे आणि त्रिमितीचा आभास टाळावा.

स्तंभ शून्यापासून सुरू व्हावेत, हा नियम सर्वांनी ऐकलेला असतो, पण त्याचे कारण फार थोड्यांनी तपासलेले असते. वर दिलेले मुलींचे प्रमाण २००१ मध्ये ९१३ होते. अक्ष ८९० पासून सुरू केला, तर २०११ चा स्तंभ ४ एककांचा आणि २००१ चा २३ एककांचा दिसतो, म्हणजे जवळजवळ सहापट. हे उघड चुकीचे चित्र आहे. परंतु अक्ष शून्यापासून घेतला, तर दोन्ही स्तंभ सारखेच दिसतात आणि हजारामागे १९ मुलींची घट, जी अत्यंत गंभीर आहे, ती दिसेनाशी होते. अशा वेळी स्तंभच सोडून द्यावेत. दोन बिंदू आणि त्यांना जोडणारी रेषा काढावी, दोन्ही आकडे बिंदूंजवळ लिहावेत आणि अक्ष कुठून सुरू होतो ते दाखवावे. स्तंभाची लांबी वाचली जाते म्हणून त्याला शून्य लागते. बिंदूची जागा वाचली जाते, त्यामुळे त्याला ते बंधन नाही.

कांद्याच्या आलेखात डावीकडे दर आणि उजवीकडे आवक असे दोन अक्ष देण्याची पद्धत फार प्रचलित आहे. ती मी टाळतो. दोन अक्षांची मापे आपण स्वतंत्रपणे ताणू शकतो, त्यामुळे दोन रेषा कुठे छेदाव्यात आणि किती एकत्र चालाव्यात हे आलेख करणाऱ्याच्या मर्जीवर राहते. त्याऐवजी एकाखाली एक असे दोन आलेख एकाच काळअक्षावर काढावेत, किंवा संबंधच दाखवायचा असेल तर आडव्या अक्षावर आवक आणि उभ्या अक्षावर दर घेऊन प्रत्येक दिवसाचा एक ठिपका द्यावा.

नकाशांबाबत विशेष काळजी

नकाशा पाहताना वाचक चटकन विश्वास ठेवतो, म्हणून तो अधिक जबाबदारीने करावा लागतो. जिल्ह्यांना एकूण लोकसंख्येप्रमाणे गडद-फिकट रंग दिले, तर तो नकाशा लोक कुठे राहतात याखेरीज काहीच सांगत नाही. साक्षरांची, वाहनांची, दवाखान्यांची एकूण संख्या अशाच नकाशांवर टाकली की सगळे नकाशे एकसारखे दिसू लागतात. दर हजारी, दर लाखी किंवा दर चौरस किलोमीटर असे प्रमाण काढूनच रंग द्यावा. तरीही क्षेत्रफळाचा प्रभाव उरतोच: अहिल्यानगर जिल्हा १७,०४८ चौरस किलोमीटरचा आहे आणि मुंबई शहर जिल्हा १५७ चौरस किलोमीटरचा. डोळ्याला पहिला शंभरपटीहून मोठा दिसतो, मग तिथला आकडा महत्त्वाचा असो वा नसो.

महाराष्ट्राच्या बाबतीत जिल्ह्यांची यादीही तपासावी लागते. २०११ च्या जनगणनेत ३५ जिल्हे होते. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून पालघर वेगळा झाला. त्यामुळे जनगणनेतील ठाण्याची १,१०,६०,१४८ ही लोकसंख्या आजच्या ठाणे जिल्ह्याच्या सीमेत रंगवली, तर ठाण्याला पालघरचेही लोक मिळतात आणि पालघर कोरा राहतो. औरंगाबाद, उस्मानाबाद आणि अहमदनगर यांची नावे बदलल्यामुळे जुन्या तक्त्यातील नावे नव्या नकाशातील छत्रपती संभाजीनगर, धाराशिव आणि अहिल्यानगर यांच्याशी आपोआप जुळत नाहीत. न जुळलेले जिल्हे सॉफ्टवेअर गुपचूप वगळते किंवा पांढरे ठेवते. नकाशा पुढे ठेवण्याआधी रंगवलेले जिल्हे मोजून पाहावेत. संपूर्ण भारताचा नकाशा असेल, तर बाह्य सीमा भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशानुसारच घ्याव्यात. नकाशांच्या अनेक जागतिक संचांत त्या वेगळ्या असतात, आणि भारतात तसा नकाशा प्रसिद्ध करणे कायद्याने गुन्हा ठरतो.

बिंदूवर मोजलेली गोष्ट क्षेत्रभर पसरवतानाही जपावे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, त्याच काळात कुलाब्याला सुमारे ७३ मिलिमीटर झाला. या दोन आकड्यांची सरासरी काढून ‘मुंबईचा पाऊस’ म्हणून एका रंगात शहर रंगवले, तर तो रंग शहरातील कोणत्याच माणसाने त्या दिवशी अनुभवलेला नसेल.

मराठी अक्षरे, अंक आणि रंग

मराठीत आलेख करणाऱ्यांना एक जास्तीचा त्रास सोसावा लागतो आणि तपासणाऱ्यांनी त्याची जाणीव ठेवावी. पायथन या संगणकभाषेत आलेख काढणाऱ्या मॅटप्लॉटलिब या साधनाच्या अनेक आवृत्त्यांत देवनागरी जोडाक्षरे तुटतात आणि ऱ्हस्व वेलांटी भलत्याच अक्षराला चिकटते. ‘क्विंटल’ हा एकच शब्द लिहून पाहिला तरी दोष लक्षात येतो. आलेख ब्राउझरमध्ये काढणाऱ्या साधनांत किंवा एक्सेलमध्ये अक्षरे नीट उमटतात. आर ही संगणकभाषा वापरणाऱ्यांना ‘रॅग’ हे पॅकेज उपयोगी पडते. मुंबईच्या ‘एक टाइप’ने तयार केलेला मुक्ता किंवा नोटो सॅन्स देवनागरी हे विनामूल्य फाँट लहान आकारातही स्वच्छ वाचता येतात. अंक देवनागरी घ्यावेत की इंग्रजी वळणाचे, याबद्दल माझा हट्ट नाही, मात्र एकाच चित्रात दोन्ही मिसळू नयेत. स्वल्पविराम लाख-कोटीच्या पद्धतीने द्यावेत आणि सॉफ्टवेअरने स्वतःहून ‘मिलियन’ केलेले आकडे पुन्हा लाख-कोटीत आणावेत.

लाल आणि हिरव्या रंगांची जोडी टाळावी, कारण हे दोन रंग वेगळे ओळखता न येणाऱ्यांची संख्या, विशेषतः पुरुषांत, दुर्लक्ष करण्याइतकी लहान नाही. क्रमाने वाढणाऱ्या आकड्यांना एकाच रंगाच्या फिकट ते गडद छटा द्याव्यात. शेवटी चित्र मोबाइलवर उघडून हातभर अंतरावरून वाचून पाहावे.

सोबत काय लिहावे

बहुतेक चित्रे व्हॉट्सअ‍ॅपवर पुढे पाठवली जातात आणि त्या प्रवासात सोबतचा मजकूर गळून पडतो. म्हणून स्रोत, काळ, एकक आणि आवृत्तीची तारीख चित्राच्या आतच, तळाशी लिहावी. सोबतच्या मजकुरात मूळ तक्ता सीएसव्ही या कोणत्याही साधनात उघडणाऱ्या साध्या स्वरूपात द्यावा, गणित कसे केले ते चार वाक्यांत सांगावे आणि शक्य असल्यास कोडही जोडावा. आकडे व्यक्तींशी निगडित असतील, उदाहरणार्थ एखाद्या लहान गावातील रुग्णांची संख्या, तर तक्ता देण्याआधी थांबावे. गावात एकच रुग्ण असेल, तर नाव न लिहिताही तो ओळखला जातो.

मग नेमका प्रश्न विचारावा. ‘कसा वाटला?’ या प्रश्नाला ‘छान’ हेच उत्तर मिळणार. त्याऐवजी असे लिहावे: ‘लाल आणि उन्हाळ कांद्याच्या रेषा वेगळ्या ठेवल्या आहेत. ऑक्टोबर-नोव्हेंबरात त्या एकमेकींवर येतात, तिथे वाचताना अडखळायला होते का? तसेच आवक फार कमी असलेले दिवस वगळणे बरोबर आहे का, हे बाजाराची माहिती असलेल्यांनी कृपया सांगावे.’ असा प्रश्न वाचून जाणकार माणूस पाच मिनिटे थांबतो. आपल्याला जिथे शंका आहे ती जागा स्वतःहून दाखवल्याने आलेखाची किंमत कमी होत नाही.

दुसऱ्याचा आलेख तपासताना

पहिला प्रतिसाद म्हणून आपल्याला आलेखातून काय कळले ते लिहावे: ‘मी यातून असे समजलो की डिसेंबरमध्ये दर उतरला आणि मेपर्यंत उतरलेलाच राहिला.’ करणाऱ्याला तेच सांगायचे होते की नाही हे लगेच स्पष्ट होते, आणि नव्हते तर दोष कुठे आहे हे त्याला न सांगता समजते. माझ्या मते ही एक सवय लागली, तरी अर्ध्या टीकेची गरज उरत नाही.

त्यानंतर आकड्यांकडे वळावे. मूळ स्रोत उघडून तीन-चार नोंदी, शक्यतो सर्वांत उंच आणि सर्वांत खोल टोकाच्या, आलेखाशी ताडून पाहाव्यात. रेषेत एकाएकी सुळका दिसला, तर घटनेआधी नोंदीच्या पद्धतीवर संशय घ्यावा. जून २०२० मध्ये महाराष्ट्राने आधी नोंदवायच्या राहून गेलेल्या कोविडच्या १,३२८ मृत्यूंची नोंद एकाच वेळी आकड्यांत मिळवली. दैनंदिन मृत्यूंच्या आलेखात त्या दिवशी भयंकर उसळी दिसते, पण ते मृत्यू त्या दिवशी झालेले नव्हते. असा सुळका दिसल्यावर ‘आकडे खोटे आहेत’ असे लिहिण्याऐवजी ‘या दिवशी मागील नोंदींचा मेळ घातला गेला होता, तेवढी टीप द्यावी’ असे लिहिले, तर आलेख सुधारतो आणि माणूसही दुखावत नाही.

आकडे बरोबर निघाले, तर त्यांचा लावलेला अर्थ पाहावा. २०११ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया होत्या. हा आकडा नकाशावर सर्वांत गडद रंगात दाखवून ‘कोकणात स्त्रियांची स्थिती उत्तम’ असे शीर्षक दिलेले चित्र समोर आले, तर आकडा अचूक आहे आणि निष्कर्ष त्यातून निघत नाही, असे दोन्ही सांगावे लागते. तेथील पुरुष पिढ्यानपिढ्या मुंबईला कामासाठी जातात आणि जनगणनेत ते मुंबईत मोजले जातात. चाकरमान्यांचे घर माहीत असलेला कोणीही हे एका वाक्यात सांगू शकतो. संख्याशास्त्र न शिकलेल्या वाचकाचे मत तपासणीत किती मोलाचे असते, ते अशा वेळी कळते, म्हणून अशा वाचकाने संकोच बाळगू नये.

आकार, अक्ष आणि मांडणी यांचा क्रम त्यानंतर येतो, आणि रंग व फाँट यांचा सर्वांत शेवटी. प्रतिसाद लिहिताना चूक कोणती आणि आपली आवड कोणती हे वेगळे सांगावे. ‘रिकाम्या दिवशी शून्य दाखवले आहे’ ही चूक आहे आणि ती दुरुस्त झालीच पाहिजे. ‘मला जाळीच्या रेषा नको वाटतात’ ही आवड आहे, ती तशी म्हणूनच लिहावी. दहा मुद्दे सुचले तरी सर्वांत महत्त्वाचे दोन किंवा तीनच द्यावेत, विशेषतः समोरची व्यक्ती विद्यार्थी असेल तेव्हा. जे चांगले जमले आहे तेही नेमकेपणाने सांगावे. ‘छान’ म्हणण्यापेक्षा ‘दोन्ही जातींची नावे रेषेच्या टोकालाच लिहिल्यामुळे वेगळी सूची शोधावी लागली नाही’ असे म्हटले, तर ती गोष्ट पुढच्या आलेखातही टिकून राहते.

दुसऱ्याचा आलेख स्वतः नव्याने काढून दाखवणे कधीकधी सर्वांत उपयुक्त असते, परंतु त्याआधी विचारावे, मूळ करणाऱ्याचे नाव द्यावे आणि काय बदलले ते लिहावे. न विचारता केलेली सुधारित आवृत्ती चार लोकांत शिकवण्यापेक्षा हरवण्यासाठी केल्यासारखी वाटते.

शेतमालाचे भाव, आरक्षण, पाणीवाटप, भाषा अशा विषयांवर आलेख येतो तेव्हा मत देणाऱ्याने आधी स्वतःला एक प्रश्न विचारावा: हाच आलेख माझ्या बाजूचा निष्कर्ष सांगत असता, तर मी हाच आक्षेप घेतला असता का? उत्तर ‘नाही’ असे आले, तर आक्षेप कदाचित बरोबरही असेल, पण तो पुन्हा तपासून मगच लिहावा. करणाऱ्याच्या हेतूबद्दल अंदाज मुळीच लिहू नयेत. अक्ष ८९० पासून सुरू झाला आहे हे दाखवता येते. तो मुद्दाम केला की सॉफ्टवेअरने आपणहून तसा ठेवला, हे आपल्याला दिसत नसते, आणि बहुतेक वेळा ते सॉफ्टवेअरचेच काम असते.

प्रतिसाद आल्यावर

प्रतिसादांना लगेच उत्तर देऊ नये. एक दिवस जाऊ द्यावा आणि ते तीन गटांत वाटावेत: आकड्यांची चूक, वाचताना आलेली अडचण, आवडीनिवडी. पहिल्या गटातील प्रत्येक मुद्दा मूळ तक्त्याशी ताडून पाहावा. दुसऱ्या गटात एकच अडचण दोन-तीन जणांनी सांगितली असेल, तर त्यांना समजावत बसण्यापेक्षा आलेख बदलावा, कारण आलेखासोबत समजावून सांगायला आपण प्रत्येक वेळी हजर नसणार. तिसऱ्या गटाबद्दल आभार मानावेत आणि आपल्याला पटेल ते घ्यावे.

चूक निघाली, तर जुने चित्र गुपचूप काढून नवे ठेवू नये. जुने चित्र अनेकांच्या फोनवर आधीच पोहोचलेले असते, आणि दोन वेगळी चित्रे पाहून वाचक गोंधळतो. नव्या चित्रात ‘आवृत्ती २’ असे लिहावे, जुन्या चित्राच्या मजकुरात नव्याचा दुवा द्यावा आणि दुरुस्तीची नोंद सर्वांना दिसेल अशी ठेवावी. माझ्या त्या शून्याच्या चुकीनंतर मी पुढील नोंद लिहिली होती आणि आजही तिचाच साचा वापरतो: ‘दुरुस्ती. पहिल्या आवृत्तीत लिलाव नसलेल्या दिवसांचा दर शून्य धरला गेला होता. त्यामुळे दिसणारा साप्ताहिक चढउतार खरा नाही आणि त्यावर आधारलेला माझा निष्कर्ष मी मागे घेत आहे. या आवृत्तीत त्या दिवशी रेषा तुटलेली आहे. महिन्याच्या सरासऱ्याही बदलल्या असून जुने व नवे आकडे सोबतच्या तक्त्यात शेजारी दिले आहेत. चूक दाखवून देणाऱ्या वाचकांचा आभारी आहे. पहिले चित्र कोणी पुढे पाठवले असल्यास कृपया हेही पाठवावे.’